या रविवारी गड नको

मार्च उजाडला की नाशिककरांच्या ग्रुपवर बेत शिजायला लागतात. शनिवारी रात्री भंडारदऱ्याला तंबू टाकायचे की रविवारी पहाटे हरिहर गड गाठायचा, यावर मतदान होतं, गाडी सांगितली जाते, ॲडव्हान्स जातो. आणि नेमक्या त्याच दिवसांत कधी संतोषा-भागडीच्या डोंगरावर, कधी ब्रह्मगिरी नाहीतर अंजनेरीच्या अंगावर अंधार पडताच लाल रेघ सरकताना दिसते. शुक्रवारी रात्री निरोप येतो, वणवा लागलाय, वाट बंद आहे. मग चडफडाट: पैसे भरलेत, मुलं तयारीत बसलीत, आता काय सांगायचं त्यांना?

मुलांना खरं ते सांगा आणि बेत रद्द करा. आपल्याकडे १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम मानला जातो. या चार महिन्यांत डोंगराचा बेत आखायचा तर तो आयत्या वेळी मोडू शकतो हे धरूनच आखावा. आणि वनरक्षक ‘आज वर जाऊ नका’ म्हणाला, तर साहेबांची ओळख न सांगता गाडी वळवावी.

माझी भीती वेगळ्याच माणसाची आहे. प्रत्येक ग्रुपात एक जण असतो, जो म्हणतो, ‘आग त्या बाजूला आहे, आपण या बाजूने चढू.’ तमिळनाडूत थेनी जिल्ह्यातल्या कुरंगणीच्या डोंगरात ११ मार्च २०१८ रोजी ट्रेकिंगला गेलेले दोन गट वाळलेल्या गवताच्या उतारावर वणव्यात सापडले. दिवस रविवारचाच. बरेचसे तरुण नोकरदार, त्यात मुलीही पुष्कळ. वीसहून अधिक जण गेले. सुटकेसाठी हवाई दलाची हेलिकॉप्टरं आली, तरीही गेले.

वणवा उताराला लागला की वर धावतो. ज्वाळा वरच्या गवताला आधीच शेकून ठेवतात, दिवसा वाराही दरीतून माथ्याकडेच वाहतो. त्यामुळे चढ जितका उभा, तितकी आग वेगवान. माणसाची दमछाक होते तिथे ती पळत असते. हरिहरच्या कातळात कोरलेल्या त्या उभ्या पायऱ्या आठवा. चढणारे आणि उतरणारे एकाच अरुंद जिन्यावर, एका खोबणीला दोघांचे हात. खालचं गवत पेटलं आणि धूर वर आला, तर त्या रांगेतल्या माणसाला ना मागे जाता येतं ना पुढे. सुट्टीच्या दिवशी तिथली गर्दी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना अधिक सांगायला नको.

तरीही कधी अडकलातच, तर वर पळू नका, घळीत किंवा नाळेत तर मुळीच शिरू नका. धुराड्यातून धूर चढावा तशी आग तिथून चढते. उघडा कातळ, नांगरलेलं शेत, पाण्याचं टाकं किंवा जिथलं गवत जळून विझून गेलंय अशी काळी जमीन गाठा. अंगात सुती कपडे असू द्या. ट्रेकचे ते चकचकीत टी-शर्ट आगीच्या धगीने वितळून कातडीला चिकटतात. तोंडाला ओला रुमाल लावा आणि माणसं मोजा. उन्हाळ्यात चढायचंच असेल तर पहाटे चढून ऊन तापायच्या आत पायथ्याला या.

आता जरा अडचणीचं बोलतो. वणवा लागला की आपण शहरातली माणसं लगेच पाड्यावरच्या लोकांकडे बोट दाखवतो. त्र्यंबक, पेठ, सुरगाण्याकडे नागली-वरईसाठी राब भाजतात, मोहाची फुलं वेचायला झाडाखालचा पाचोळा पेटवतात, नवं गवत फुटावं म्हणून जुनं जाळतात. त्यातली आग कधी रानात शिरते हे खरं. पण आपल्याकडे वीज पडून वणवा लागणं विरळाच, त्यामागे माणूसच असतो, आणि तो माणूस दर वेळी पाड्यावरचाच असतो असं नाही. चुलीवरच्या मटणाची हौस, रात्रीची शेकोटी, पेटती फेकलेली सिगारेट हे शहरातूनच वर जातं. तीन दगड मांडून केलेली चूल ‘विझवली’ म्हणून आपण निघतो, राखेखाली निखारा असतो, दुपारी वारा सुटतो. राखीव जंगलात आग लावणं हा १९२७ च्या वन कायद्याने गुन्हा आहे, पण कायद्याचा धाक दाखवण्यापेक्षा मला सोपा उपाय सुचतो: चूल डोंगरावर नेऊच नका. पायथ्याच्या हर्षेवाडीत किंवा रतनवाडीत एखाद्या घरी आदल्या दिवशी फोन करून पिठलं-भाकरी सांगून ठेवा. भाकरी गरम मिळते आणि चार पैसे त्या घरात जातात.

वणव्यात जातं ते नुसतं गवत नव्हे. फेब्रुवारी-मार्चमध्ये अंजनेरीच्या कड्यांत गिधाडांची पिल्लं घरट्यात असतात, आणि खालून धूर आला तर त्यांना उडताही येत नाही. भंडारदऱ्याला मे अखेर काजवे पाहायला आपण रांगा लावतो, त्या काजव्यांच्या अळ्या वर्षभर मातीत आणि पाचोळ्यात वाढतात. पाचोळाच जळाला तर तक्रार कोणाकडे करायची? उघड्या पडलेल्या उताराची माती पहिल्या पावसात ओढ्याला लागते, आणि ब्रह्मगिरीकडची गंगापूर धरणाकडे निघते.

बुकिंगचं म्हणाल तर पैसे भरण्याआधीच विचारा: वन विभागाने प्रवेश बंद केला तर पैसे परत की तारीख पुढे? उत्तर व्हॉट्सॲपवर लेखी घ्या. तोंडी ‘बघू ना साहेब’ पुढे कामाला येत नाही. मे महिन्यात नैनितालला जाणाऱ्यांनीही हे विचारावं. २०२४ च्या एप्रिलअखेरीस तिथल्या जंगलांना आग लागली तेव्हा हवाई दलाचं हेलिकॉप्टर भीमतालचं पाणी उचलून नेत होतं आणि नैनी तलावातला नौकाविहार थांबवावा लागला होता. जवळचा दुसरा बेतही हाताशी ठेवा. सिन्नरचं गोंदेश्वर, चांदवडचा रंगमहाल, पाणपक्ष्यांसाठी नांदूरमध्यमेश्वर. गोंदेश्वराच्या भिंतीवरचं कोरीवकाम सकाळच्या तिरप्या उन्हात पाहायला मुलांना डोंगराइतकीच मजा येते, आणि दुपारच्या जेवणाला घरी पोहोचता.

वणवा दिसला तर व्हिडिओ नंतर काढा. आधी वन विभागाचा टोल फ्री क्रमांक १९२६ लावा. डोंगराचं नाव, जवळचं गाव आणि आग कोणत्या बाजूला सरकतेय ते सांगा. स्वतः विझवायला धावू नका. ओल्या फांद्यांनी आग झोडपून विझवणारे वनमजूर आणि गावकरी वाऱ्याचा अंदाज घेऊन उभे राहतात, तो अंदाज आपल्याला नसतो. अल्मोड्याजवळ बिनसरच्या अभयारण्यात १३ जून २०२४ रोजी आग विझवायला गेलेले वन विभागाचे कर्मचारीच होरपळून मेले.

हात लावायचाच असेल तर जानेवारीत लावा. तेव्हा जाळरेषा काढायचं काम चालू असतं, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून डोंगराच्या अंगावरचा गवताचा पट्टा कापून, जाळून मोकळा करायचा. माणसं नेहमीच कमी पडतात. तुमच्या आवडत्या गडाच्या वनरक्षकाला डिसेंबरातच फोन करून रविवार ठरवून घ्या. सकाळी सातला पायथ्याच्या पाड्यावर पोहोचा, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा आणि बूट घाला, विळा तिथे मिळतो का ते आधीच विचारा, आणि जेवणाचं गावातच सांगून ठेवा.