आपला चातुर्मास आणि त्यांचा

"लग्न गोव्यात केलं की तिथल्या चार गरिबांना रोजगार मिळतो," असं आपल्या मंडळातल्या बायका ठासून सांगतात. मिळतो का, ते पाहू.

गेल्या हंगामात नात्यातल्याच एका लग्नाला गोव्यात गेले होते. महाराज सुरतेचे, वाढपी सुरतेचे. कंदमूळ चालत नाही म्हणून भाजीसुद्धा इथूनच टेम्पोने गेलेली. मग तिथल्या माणसांच्या वाट्याला काय आलं? चादरी बदलणं आणि बॅगा उचलणं. माझ्या खोलीत येणारी मुलगी तर सावंतवाडीकडची. विचारलं, "पावसाळ्यात काय करतेस गं?" म्हणाली, "जूनात काम नाय, काकी. ऑक्टोबरात परत बोलावतत." मधल्या महिन्यांचा पगार? नुसती हसली.

पावसाळ्याआधी किनाऱ्यावरचे शॅक उतरवावे लागतात. ऑक्टोबरात परदेशी चार्टर विमानं यायला लागली की पुन्हा माणसांना बोलावणं. म्हणजे नेमका आपला चातुर्मास तोच त्यांच्या उपासाचा काळ. आपण पच्चक्खाण घेतो, त्यांना कोणी विचारतही नाही. आणि हंगामाची तरी काय खात्री? 2019 च्या सप्टेंबरात इंग्लंडमधली थॉमस कुक कंपनी बुडाली आणि ऐन हंगामाच्या तोंडावर गोव्याची विमानं गेली.

हे सुरतेच्या बाईला समजावून सांगावं लागावं? जगातल्या दहापैकी नऊ हिऱ्यांना पैलू इथे पडतात, पण किती खपणार हे अमेरिकेतला नाताळ ठरवतो. 2008 च्या दिवाळीत सुट्टी पडली, ती कित्येक कारखान्यांत संपलीच नाही. रत्नकलाकार बायकापोरांना घेऊन सौराष्ट्रात गावी परतले. तेव्हा "बिचारे" म्हणून हळहळलो होतो ना आपण? गोव्यातला वेटर मात्र आपल्याला बिचारा वाटत नाही, कारण तो गणवेशात हसत उभा असतो.

हौस करू नका, असं मी म्हणत नाही. माझ्या लेकीच्या लग्नात मीही केली, इथल्याच वाडीत. पण परिग्रह-परिमाण साड्यांपुरतं ठेवायचं आणि पाचशे माणसं विमानाने नेण्याला परोपकार म्हणायचं, ही लबाडी झाली.

कार्तिकी पौर्णिमेनंतरच्या दोन पत्रिका आत्ताच आल्या आहेत, दोन्ही गोव्याच्या. दोघींनाही फोन करून विचारलं, हॉटेलातल्या किती जणांना बारा महिने पगार मिळतो, हे बुकिंग करताना विचारलंत का? एक म्हणाली, "तुझं हे नेहमीचंच," आणि फोन ठेवला. दुसरी म्हणाली, विचारून सांगते.