पडली ती रॉकेटची कडी, साडेसाती नव्हे

२ एप्रिल २०२२. गुढीपाडवा. सकाळी पंचांग पुजले, वर्षफल वाचले. पाऊस किती, पीक कसे, कोणत्या राशीला काय, सगळे सांगून झाले. त्याच संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास विदर्भापासून उत्तर महाराष्ट्रापर्यंत लोकांनी आकाशात आगीचे लोळ सरकताना पाहिले. चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात दोन-तीन मीटर व्यासाची धातूची कडी येऊन पडली. हे सकाळच्या कोणत्या वर्षफलात होते, ते आम्हाला कुणीतरी दाखवावे!

पाहणाऱ्यांना आधी उल्का वाटली. तसे वाटण्यात गैर काही नाही. पण उल्का सेकंदाला किमान ११ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरते आणि बहुधा काही सेकंदांत विझते. हे लोळ सावकाश, एकामागे एक, रांगेने जात होते. रॉकेटचा किंवा उपग्रहाचा सांगाडा सेकंदाला सात-आठ किलोमीटर वेगाने तिरपा उतरतो, तापतो, फुटतो, तेव्हा असे दिसते. अभ्यासकांनी कक्षेचा हिशेब मांडला आणि सांगितले, हा फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या चिनी ‘लाँग मार्च ३बी’ रॉकेटचा तिसरा टप्पा असावा.

आता खरा प्रश्न. ती कडी एखाद्या मजुराच्या झोपडीवर पडली असती तर? ज्योतिषी म्हणाला असता, ग्रह फिरले, शांती करा. म्हणजे ज्याचे घर मोडले त्यानेच वर दक्षिणा द्यायची. कायदा वेगळे सांगतो. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार अवकाशातल्या वस्तूने जमिनीवर नुकसान केले, तर ती सोडणाऱ्या देशाने भरपाई द्यायची असते. त्याची चूक सिद्ध करण्याचीही गरज नाही. १९७८ मध्ये सोव्हिएत संघाचा ‘कॉसमॉस ९५४’ हा उपग्रह कॅनडात कोसळला. कॅनडाने शांती केली नाही, दावा केला. १९८१ मध्ये सोव्हिएत संघाला ३० लाख कॅनेडियन डॉलर मोजावे लागले.

मित्रांनो, ‘नशीब’ हा शब्द कुणाच्या सोयीचा आहे ते इथे उघडे पडते. नशीब म्हटले की जबाबदार माणूस सुटतो. जातीच्या बाबतीत आमच्याशी हाच खेळ खेळला गेला. पाणवठा बंद केला माणसांनी, जमीन बळकावली माणसांनी आणि आम्हाला सांगितले, हे तुमच्या पूर्वजन्मीचे कर्म. चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी कर्माला कौल लावला नाही, हक्क सांगितला.

काही जण म्हणतील, एखादी शांती केल्याने काय बिघडते? बिघडते ते हे, की ज्या बोटाने गुन्हेगार दाखवायचा, तेच बोट अंगठीतल्या खड्यात अडकते. आमच्याही वस्त्यांत आता असे खडे दिसतात. जयंतीला निळा झेंडा आणि लग्न ठरवताना पत्रिका, हा दुटप्पीपणा थांबला पाहिजे.

यासाठी आम्हाला बाहेरून काही उसने आणावे लागत नाही. दीघनिकायातल्या ब्रह्मजालसुत्तात ग्रहणाची, उल्कापाताची, भूकंपाची भाकिते सांगून पोट भरणे ही मिथ्या आजीविका म्हटली आहे. श्रमण गोतम त्यापासून दूर राहतो, असे ते सुत्त सांगते. उल्कापाताला तिथे शब्दच आहे, ‘उक्कापात’. आणि संविधानाचे कलम ५१-क वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य ठरवते.

तेव्हा पुढच्या वेळी आकाशात लोळ दिसला, तर हात जोडू नका, डोळे मिटून इच्छाही मागू नका. वेळ लिहा. दिशा लिहा. किती सेकंद दिसला, रंग कोणता, तुकडे झाले का, आवाज किती वेळाने आला, ते लिहा. काही पडले असेल तर हात न लावता पोलीस आणि तहसीलदारांना कळवा, पंचनामा मागा, त्याची प्रत घ्या. आपल्या साक्षीचा कागद झाला, तरच आपल्या नुकसानीचा दावा उभा राहतो.

आकाशातून काय पडेल ते आपल्या हातात नाही. जाब कुणाला विचारायचा, ते मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे.

जय भीम!