ओळख घेतली, जबाबदारीचे काय?

७ मार्च २०२३ रोजी केंद्रीय अर्थमंत्रालयाने एक अधिसूचना काढली. बिटकॉइनसारख्या आभासी मालमत्तेची खरेदी-विक्री, हस्तांतर वा जपणूक करून देणारे धंदे तिच्यामुळे २००२ च्या मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत आले. या एक्स्चेंजना आता ग्राहकाची ओळख पटवून घ्यावी लागते, व्यवहारांच्या नोंदी ठेवाव्या लागतात आणि संशयास्पद उलाढाल सरकारच्या आर्थिक गुप्तवार्ता कक्षाला कळवावी लागते. या पावलाला विरोध करण्याचे समाजवाद्यांना काहीच कारण नाही. मोठ्या पैशाला नावगाव नसावे, ही मागणी आजवर बेनामी जमिनी बाळगणाऱ्यांनी आणि हवालावाल्यांनी केली आहे. शेतमजुराने वा गिरणीकामगाराने ती केल्याचे कोणाला आठवत नाही.

तथापि प्रश्न इथे संपत नाही, सुरू होतो. जानेवारी २००९ मध्ये बिटकॉइन जन्माला आले ते बँकांच्या पतनाच्या छायेत. सट्टेबाज बँका बुडू लागल्या आणि सरकारांनी त्या जनतेच्या पैशाने सावरल्या. या अन्यायाविषयीचा संताप अगदी रास्त होता. बँक नको, मध्यस्थ नको, सर्वांची एकच उघडी खतावणी असावी, ही कल्पना त्या संतापाशी जुळणारी होती. पण या खतावणीत व्यवहार दिसतो, माणूस दिसत नाही. पत्ता असतो, नाव नसते. तिला कचेरी नाही, व्यवस्थापक नाही. मग समन्स बजावायचे कोणावर? म्हणून कायदा उभा राहतो तो दारात, म्हणजे रुपयाचे नाणे होते आणि नाण्याचा पुन्हा रुपया होतो त्या जागी. पॅरिसच्या 'वित्तीय कृती दला'ने २०१९ मध्ये जगभरच्या सरकारांना हाच मार्ग दाखवला. भारत २०१० पासून या दलाचा सदस्य आहे.

या दारात रांगेत कोण उभे असते? आधार आणि पॅन हातात धरलेला, पगारातून दोन हजार बाजूला टाकणारा तरुण. ज्यांना नजर चुकवायची आहे त्यांच्या वाटा वेगळ्या. 'टॉर्नेडो कॅश' या यंत्रणेत अनेकांची नाणी एकत्र घुसळली जातात आणि कोणाचे कोठे गेले हे कळेनासे होते. उत्तर कोरियाच्या चोरांनी तिचा वापर केला म्हणून अमेरिकेच्या अर्थखात्याने ऑगस्ट २०२२ मध्ये तिच्यावर निर्बंध घातले. नोव्हेंबर २०२४ मध्ये तेथील अपील न्यायालयाने म्हटले की जी आज्ञावली आता कोणालाच बदलता येत नाही ती कोणाचीही मालमत्ता नव्हे, सबब हे निर्बंध कायद्यात बसत नाहीत. मार्च २०२५ मध्ये ते उठले. आज्ञावलीला बेड्या घालता येत नाहीत हे खरेच. पण तिच्यावर नफा कमावणारी माणसे हाडामांसाची असतात आणि कायद्याला ती सापडू शकतात.

सापडल्यावर काय होते, हेही पाहण्यासारखे आहे. जगातील सर्वांत मोठे एक्स्चेंज असलेल्या 'बायनान्स'ने नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत या कायद्यांचा भंग केल्याची कबुली देऊन ४.३ अब्ज डॉलर भरण्याचे मान्य केले. संस्थापकाला चार महिन्यांची कैद झाली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी त्याला माफीही देऊन टाकली. भारतात त्याच कंपनीला जून २०२४ मध्ये १८ कोटी ८२ लाख रुपयांचा दंड झाला. एवढ्या मोठ्या पेढीला तो चहापाण्याचा खर्च म्हणावा लागेल.

आपल्या राज्यकर्त्यांना निनावी पैशाचा एवढा तिटकारा कधीपासून आला, असेही विचारले पाहिजे. २०१८ मध्ये याच सरकारने निवडणूक रोखे आणले. देणगीदार कोण हे मतदाराला कळू नये अशी त्यांची रचनाच होती. अशा रोख्यांतून काळा पैसा पांढरा होण्याचा धोका आहे, असा इशारा रिझर्व्ह बँकेने आधीच दिला होता. तो बाजूला सारला गेला आणि १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाला ती योजना रद्द करावी लागली.

लहान माणसाच्या प्रत्येक व्यवहाराची नोंद सरकारदरबारी असावी काय, हा वेगळा आणि गंभीर प्रश्न आहे. आणीबाणीत भूमिगत कार्यकर्त्यांच्या घरी पोहोचणारी मदत नावानिशी नोंदली गेली असती तर देणारे आणि घेणारे दोघेही तुरुंगात गेले असते. त्यातून ज्या कायद्याखाली ही माहिती गोळा होते त्यात जामिनासाठी आपण निर्दोष आहोत असे आरोपीनेच न्यायालयाला पटवून द्यावे लागते. म्हणून एका मर्यादेखालच्या व्यवहारांना किमान नोंदीची मुभा असावी आणि छाननीचा सारा भार मोठ्या उलाढालींवर, तसेच कंपन्यांच्या पडद्याआडच्या खऱ्या मालकांवर टाकावा.

दुसरी मागणी ठेवीदाराच्या रक्षणाची. एप्रिल २०२२ पासून सरकार या नाण्यांवरील नफ्यावर ३० टक्के कर घेते. एका नाण्यातील तोटा दुसऱ्यातील नफ्यातून वजा करू देत नाही. त्याच वर्षीच्या जुलैपासून प्रत्येक विक्रीवर एक टक्का आधीच कापला जातो. इतके घेणारे सरकार देते काय? १८ जुलै २०२४ रोजी 'वझीरएक्स' या भारतीय एक्स्चेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली. ग्राहकांची ओळखपत्रे कंपनीकडे होती, त्यांच्या कराची नोंद सरकारकडे होती. नुकसानभरपाईचा विमा मात्र कोणाकडेच नव्हता. पैसे परत मिळण्याच्या योजनेसाठी भारतीय ग्राहकांना सिंगापूरच्या न्यायालयाकडे डोळे लावून बसावे लागले आणि त्या न्यायालयाची मंजुरी यायला ऑक्टोबर २०२५ उजाडला.

त्याच महिन्यात मद्रास उच्च न्यायालयाने, याच एक्स्चेंजच्या एका ग्राहकाच्या अर्जावर, अशी नाणी ही कायद्याच्या दृष्टीने मालमत्ता आहेत असा निर्वाळा दिला. न्यायालयाने जे एका ग्राहकापुरते केले ते सर्वांसाठी करण्याचे काम संसदेचे आहे. ग्राहकांची नाणी कंपनीच्या नाण्यांपासून वेगळी ठेवणे, स्वतंत्र लेखापरीक्षण करून घेणे आणि चोरी झाल्यास प्रथम मालकांच्या भांडवलातून भरपाई देणे ही बंधने, ज्या एक्स्चेंजला भारतात ग्राहक घ्यायचे आहेत, त्यांच्या नोंदणीच्या अटींतच घातली पाहिजेत.