ययाती चालतो, मग झॅडिस्ट का नको?

शेकडो वर्षे जगणारे योद्धे, त्यांना वर्ज्य असलेल्या स्त्रिया आणि न संपणारी मालिका. कॉलेजातल्या मुलीच्या मोबाइलवर अशी इंग्रजी कादंबरी दिसली की घरातली वडीलधारी मंडळी नाके मुरडतात. जे. आर. वॉर्ड यांची 2005 साली सुरू झालेली ‘ब्लॅक डॅगर ब्रदरहूड’ ही व्हॅम्पायर योद्ध्यांची मालिका घ्या. तिचे वीसहून अधिक भाग आले आहेत. हे थिल्लर आहे आणि वर परकेही आहे, असा आपला निकाल ठरलेला. यातला ‘परके’ हा शेरा तर रत्नागिरी जिल्ह्यात बसून कोणी मारूच नये. हातात परशू घेतलेला चिरंजीव योद्धा चिपळूणजवळच्या देवळात पुजला जातो आणि कोकणची भूमी त्यानेच समुद्र हटवून मिळवली, असे आपण मुलांना सांगतो. तेव्हाच्या याच जिल्ह्यातल्या शिरोड्याला शिक्षकी केलेल्या वि. स. खांडेकरांनी 1959 मध्ये ‘ययाती’ लिहिली. मुलाचे तारुण्य उसने घेणारा पराक्रमी राजा आणि दासी झालेल्या राजकन्येशी त्याचे चोरटे प्रेम, हा तिचा विषय. तिला 1974 चे ज्ञानपीठ मिळाले. अमीश यांच्या 2010 मधल्या मेलुहाच्या कथेत सोमरसाने दीर्घायुषी झालेले लोक आहेत आणि विकर्म ठरवल्यामुळे विवाहाला अपात्र झालेली सती आहे. ती मराठीत आली आणि घराघरांत वाचली गेली. तेव्हा कोणी कपाळाला आठ्या घातल्याचे स्मरत नाही.

मग खटकते काय? माझ्या मते खटकतो तो कथेचा केंद्रबिंदू. निषिद्ध प्रेमाच्या आपल्या बहुतेक कथांत किंमत बाईने मोजायची, हे गृहीतच असते. ‘ययाती’मध्ये तान्ह्या पुरूला घेऊन रातोरात परागंदा होते ती शर्मिष्ठा. राजा महालातच राहतो. वास्तवातला दाखला हवा असेल तर रत्नागिरीचा थिबा राजवाडा आहे. ब्रह्मदेशाच्या पदच्युत थिबा राजाला इंग्रजांनी 1886 मध्ये रत्नागिरीत आणून ठेवले. त्याची थोरली राजकन्या त्याच्या पदरी नोकरीला असलेल्या, आधीच लग्न झालेल्या गोपाळ सावंतांच्या प्रेमात पडली आणि तिला मुलगी झाली. राजा 1916 मध्ये वारला, कुटुंब 1919 मध्ये मायदेशी परतले, पण राजकन्या मुलीसह पुन्हा रत्नागिरीला आली. तिचे उरलेले आयुष्य हलाखीत गेले. ती मुलगी, तूतू, याच गावात मराठी बोलत गरिबीत संसार करत राहिली. वाडा बघायला येणाऱ्या पर्यटकांना ही हकीगत ‘रोमँटिक’ म्हणून सांगितली जाते, ते ऐकून थक्क व्हायला होते.

अमर योद्ध्यांच्या मालिका नेमका हा हिशेब उलटा मांडतात. वॉर्ड यांच्या 2006 च्या भागातला झॅडिस्ट पाहा. गुलामगिरीत पिळवटून निघालेला, चेहऱ्यावर व्रण, कोणाचा स्पर्श सोसत नाही, आणि एवढे आयुष्य काढूनही निरक्षर. नायिका बेला हिच्या प्रेमापायी तो अक्षरे गिरवायला बसतो. बाईने बदलायचे, झिजायचे, निघून जायचे, ही कामे इथे शेकडो वर्षांच्या धिप्पाड पुरुषाच्या वाट्याला येतात. वाचणारीला कथेच्या शेवटी जोडपे एकत्र असणार हे पहिल्या पानापासून ठाऊक असते. ती पुढे वाचते ते हा माणूस कसा आणि किती वाकतो हे पाहायला.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला पळवाटेचा, आणि तो मराठी कादंबरीइतकाच जुना आहे. अद्भुतरम्य ‘मुक्तामाला’ 1861 मध्ये आली, ‘मंजुघोषा’ 1868 मध्ये, आणि 1872 मध्ये का. बा. मराठ्यांनी निबंध लिहून अशा अद्भुताचा समाचार घेतला. पुढे हरिभाऊ आपट्यांनी आपल्या कादंबरीतल्या यमूचे दुःख जसे होते तसे मांडले, त्याचे मोल कमी करण्याचा प्रश्नच नाही. पण वास्तवाने दुःख दाखवले म्हणून सुखाची कल्पना करणे हा गुन्हा होत नाही. दुसरा आक्षेप मला खरोखर वजनदार वाटतो. या कथांतले नायक मालकी गाजवतात, पाळत ठेवतात. ‘ट्वायलाइट’मधला व्हॅम्पायर एडवर्ड तिथल्या बेलाच्या (ही बेला वेगळी) नकळत तिच्या खोलीत शिरून ती झोपलेली असताना पाहत बसतो, आणि कादंबरी त्याला प्रेम म्हणते. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीने हे मुकाट गिळू नये, हे मान्यच. फक्त, चोरून वाचलेल्या पुस्तकावर घरात बोलणे होत नाही. वर्गात ‘ययाती’वर चर्चा होते, म्हणून तिथल्या पुरुषी हव्यासाकडे बोट दाखवता येते. एडवर्डबद्दल बोलायला मुलीला कोणी मोठे माणूस मिळत नाही. बंदीने झॅडिस्ट आणि एडवर्ड यांतला फरक समजणार नाही. तो वाचूनच कळतो, आणि बऱ्याच मुलींना तो आपल्या अंदाजापेक्षा लवकर कळतो.

उरते ती मराठीची तक्रार: मुली इंग्रजीतच वाचतात. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी आपल्याला भयाची आणि गूढाची घसघशीत परंपरा दिली, पण त्यात प्रेमकथेला दुय्यम जागा. स्त्रीच्या नजरेतून लिहिलेली अद्भुत प्रेमकथा मराठीत मागायला गेले तर वाचनालयाच्या खिडकीतून काय हाती पडणार? रत्नागिरीचे नगर वाचनालय 1828 चे, चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर 1864 चे. चिपळूणच्या वाचनालयाने तर 2021 चा पूर सोसला. अशा जुन्या संस्थांनी एक कप्पा या मालिकांना द्यावा, वाचणाऱ्या मुलींनाच पुस्तके निवडायला बसवावे आणि त्यांतल्या एखादीला परशुरामाच्या घाटात आपला अमर योद्धा उभा करावासा वाटला तर तिचे हस्तलिखित छापणारा प्रकाशकही पुढे यावा.