दुसरी जॉयस्टिक

घरी पाहुणे आले आणि टीव्हीखालच्या कप्प्यातले ते पांढरे खोके त्यांच्या नजरेस पडले, की एक प्रश्न ठरलेला असतो. ‘मुलीसाठी घेतलंत वाटतं?’ मी खरे ते सांगून टाकतो. मुलीसाठी नव्हे, माझ्यासाठी घेतले. मग क्षणभर शांतता पसरते आणि पाहुणे चहाकडे वळतात. पंचेचाळिशीतला माणूस रोज संध्याकाळी रमी खेळला तर कोणी काही म्हणत नाही. क्रिकेटचा अख्खा दिवसाचा सामना बसून पाहिला तरी तो रसिक ठरतो. व्हिडिओ गेम खेळतो म्हटले, की मात्र घरच्यांची काळजी वाटू लागते.

माझी ही खोड १९९०च्या सुमारास लागली. मे महिन्याच्या सुटीत शेजारच्या काकांकडे टीव्हीला जोडायचे खेळाचे यंत्र आले आणि आमची दुपारची झोप कायमची गेली. पिवळ्या रंगाची कॅसेट, ती लागली नाही तर तोंडाने फुंकर मारून पुन्हा बसवायची, आणि यंत्राला दोन बाजूंनी दोन जॉयस्टिक. मारिओ पाळीपाळीने खेळायचा, पण काँट्रा मात्र दोघांनी एकदम. त्यात धबधब्याचा एक टप्पा होता. एकजण घाईघाईने वर चढत गेला, की पडदा त्याच्याबरोबर वर सरके आणि खाली राहिलेला जोडीदार हकनाक मरे. त्यावरून आमच्यात मारामाऱ्या झाल्या. पण सुटी संपेपर्यंत सगळ्यांना कळले होते, की पुढच्याने मागच्यासाठी थांबायचे असते. हे आम्हाला कोणी शिकवले नव्हते.

हे आठवायचे कारण, गेल्या काही वर्षांतले खेळ पाहताना मी नकळत दोन प्रश्न विचारत असतो. विकत घेतलेला खेळ खरोखर माझा आहे का? आणि त्यात दुसऱ्या जॉयस्टिकला जागा आहे का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर दिवसेंदिवस कठीण होत चालले आहे. प्लेस्टेशन ५ भारतात आले २ फेब्रुवारी २०२१ला. तबकडीच्या यंत्राची तेव्हाची किंमत ४९,९९० रुपये, म्हणजे घरात चांगला फ्रिज येईल एवढी. निन्टेंडोचे स्विच २ जगाच्या बाजारात आले ५ जून २०२५ला आणि त्याच्यासोबत आलेल्या ‘मारिओ कार्ट वर्ल्ड’ या एका खेळाची अमेरिकेतली किंमत ठेवली गेली ८० डॉलर. किमतीबद्दल माझी फारशी तक्रार नाही. चांगला खेळ पन्नास-साठ तास पुरतो आणि पुन्हा खेळता येतो. तक्रार आहे ती त्या पैशांत हाती काय पडते याबद्दल. स्विच २च्या काही खेळांच्या डबीत मिळणाऱ्या कार्डात खेळच नसतो, खेळ उतरवून घेण्याची किल्ली असते. उद्या तो देणारा दरवाजाच बंद झाला तर किल्ली घेऊन करायचे काय? आमच्या पिवळ्या कॅसेटला निदान फुंकर तरी मारता येत होती.

हे काल्पनिक भय नाही. ‘द क्रू’ हा २०१४ सालचा मोटारींचा खेळ. एकट्याने खेळायचे म्हटले तरी कंपनीच्या संगणकाशी जोडणी लागे. ३१ मार्च २०२४ला कंपनीने ते संगणक बंद केले आणि ज्यांनी पैसे मोजले होते त्यांच्या हातात रिकामी तबकडी उरली. यातून ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही चळवळ उभी राहिली. जुलै २०२५मध्ये युरोपातल्या तिच्या अर्जावरील सह्यांनी दहा लाखांचा आकडा ओलांडला. ‘काँकर्ड’ची कथा त्याहून छोटी. काही वर्षे खपून केलेला हा खेळ २३ ऑगस्ट २०२४ला बाजारात आला आणि ६ सप्टेंबरला बंद झाला. त्याचे पैसे तरी सर्वांना परत मिळाले. आपल्याकडे पागडीचा भाडेकरूसुद्धा मालकाला चार गोष्टी सुनावू शकतो. इथे आपण विकत म्हणून घेतो, निघते भाड्याचे, आणि खोली केव्हा खाली करायची हे मालक ठरवतो. माझे मत स्पष्ट आहे. खेळ विकला असेल, तर दुकान बंद करताना तो घरच्या घरी, तोडकामोडका का होईना, चालेल अशी सोय करून जाणे ही विक्रेत्याची जबाबदारी असली पाहिजे.

गंमत अशी, की ज्यांच्याजवळ फारसा पैसा नाही तेच लोक अलीकडे उत्तम खेळ देत आहेत. फ्रान्समधल्या माँपेलिए गावच्या तीसेक जणांच्या चमूने, बाहेरच्यांची थोडी मदत घेऊन, ‘क्लेअर ऑब्स्क्योर : एक्सपिडिशन ३३’ हा खेळ केला. तो एप्रिल २०२५मध्ये आला आणि डिसेंबरात वर्षातल्या सर्वोत्कृष्ट खेळाच्या सन्मानासह नऊ पुरस्कार घेऊन गेला. त्याची कल्पना अशी : समुद्रापलीकडे एक चित्रकर्ती दरवर्षी एका प्रचंड शिळेवर आकडा लिहिते. त्या वयाची माणसे फुलांच्या पाकळ्यांसारखी विरून जातात. आकडा दरवर्षी एकाने कमी होतो. खेळ सुरू होतो तेव्हा तो तेहतिसावर आलेला असतो. म्हणजे त्या गावात म्हातारे कोणी नाहीच. पुढल्या वर्षी आपण असणार नाही हे ठाऊक असलेली माणसे मागून येणाऱ्यांसाठी मोहिमेवर निघतात. हा खेळ मोठ्यांचाच, मुलांचा नव्हे. पण पहिल्या तासातला तो निरोपाचा प्रसंग संपल्यावर मी यंत्र बंद करून गॅलरीत जाऊन उभा राहिलो होतो, हे कबूल केले पाहिजे. त्या हिशेबाने मी बारा वर्षांपूर्वीच विरून गेलो असतो.

ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडच्या अगदी छोट्या चमूचा ‘हॉलो नाइट : सिल्कसाँग’ २०१९मध्ये जाहीर झाला आणि ४ सप्टेंबर २०२५ला अवतरला. किंमत २० डॉलर. कीटकांचे ते हाताने रंगवलेले राज्य इतके देखणे आहे, की पाहत राहावे. मात्र सगळे गुणगान करतात म्हणून मी करणार नाही. तो विनाकारण कठीण आहे. शत्रूचा एक फटका बसला, की पुष्कळदा दोन फटक्यांचे नुकसान होते आणि मेल्यावर पुन्हा तीच लांबलचक वाट तुडवावी लागते. कष्टाला माझी ना नाही, पण दिवसभर काम करून आलेल्या माणसाची थोडी कीव करायला काय हरकत होती?

पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ने २०२०मध्ये ‘राजी’ आणला, तेव्हा मी तो अभिमानाने घेतला. धाकट्या भावाच्या शोधात निघालेली मुलगी, तिच्याबद्दल बोलणारे दुर्गा आणि विष्णू, राजस्थानी महाल, भिंतींवरची चित्रे. भिंतींवरच्या कथा उलगडतात तो भाग फार सुरेख आहे. लढाया मात्र अडखळतात आणि शेवट असा अचानक येतो, की कॅसेट अडकली की काय असे वाटावे. आपल्या गावचा म्हणून जास्त गुण देणे हा त्या मुलांचा अपमान ठरेल. पहिल्या प्रयत्नात एवढे जमले, यातच त्यांचे खरे कौतुक आहे.

आता दुसरी जॉयस्टिक. स्वीडनच्या हेझलाइट या चमूने ‘इट टेक्स टू’ हा खेळ २०२१मध्ये काढला. तो एकट्याने खेळताच येत नाही. घटस्फोटाच्या बेतात असलेले आईबाप बाहुल्या होऊन जातात आणि एकमेकांना मदत केल्याशिवाय त्यांना पाऊलही टाकता येत नाही. मी आणि माझी तेरा वर्षांची मुलगी तो खेळायला बसलो. सारे हसतखेळत चालले होते. मग एक प्रसंग आला. मुलगी रडली तर आपण पुन्हा माणसे होऊ, असे त्या आईबापांना वाटते आणि तिला रडवण्यासाठी ते तिचा लाडका खेळण्यातला हत्ती नष्ट करायला निघतात. हत्ती गयावया करतो. दोघा खेळाडूंनी त्याला ओढत कड्यापर्यंत न्यायचे.

मुलीने जॉयस्टिक सतरंजीवर ठेवली. ‘बाबा, मी नाही करणार हे.’

मी समजावले, हा खेळ आहे, पुढे जायचे तर दुसरा मार्ग नाही. ती म्हणाली, ‘मग नको जाऊ या पुढे.’ त्या रात्री आम्ही पुढे गेलो नाही. जेवताना विषय निघाला तो आईवडील भांडतात तेव्हा मुलांचे काय होते इथपर्यंत गेला. तिच्या वर्गातल्या एका मैत्रिणीच्या घरचे तिने त्या दिवशी प्रथमच सांगितले. आठवड्याने तिनेच यंत्र सुरू केले आणि तो प्रसंग आम्ही दोघांनी मान फिरवून पार पाडला. तो प्रसंग क्रूर आहे, लिहिणाऱ्यांचा तोल तिथे सुटला आहे, हे माझे मत अजून कायम आहे. पण मी शेजारी नसतो, तर ती जॉयस्टिक ठेवलीच गेली नसती किंवा ठेवली गेल्याचे मला कळलेही नसते. याच चमूचा ‘स्प्लिट फिक्शन’ मार्च २०२५मध्ये आला. त्याची एकच प्रत घेतली तरी दुसऱ्या घरी बसलेला मित्र फुकट सोबत खेळू शकतो. एका प्रतीत दोघांना खेळवणारा व्यापारी मला आवडतो.

येऊ घातलेल्या खेळांत सगळ्यांचे डोळे लागले ते ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ६’कडे. पाचवा भाग सप्टेंबर २०१३मधला. त्याच्या वीस कोटींहून अधिक प्रती खपल्या. सहावा आधी २०२५मध्ये यायचा होता, मग २६ मे २०२६ची तारीख आली आणि नोव्हेंबर २०२५मध्ये ती १९ नोव्हेंबर २०२६वर ढकलली गेली. घाईत अर्धाकच्चा खेळ विकण्यापेक्षा उशीर बरा. मी तो घेणार, आणि मुलगी झोपल्यावर खेळणार. ही मालिका गुन्हेगारांच्या जगाची आहे आणि पाचव्या भागाच्या खोक्यावर युरोपात अठराचा आकडा ठळक छापलेला होता. ‘वर्गात सगळ्यांकडे आहे’ म्हणून सातवीतल्या चिरंजीवांना तो आणून देणारे आणि मग ‘गेममुळे मुलं बिघडली’ म्हणणारे पालक मला भेटलेले आहेत. त्यांनी खोक्यावरचा आकडा एकदा वाचावा.

पालकांची भीती खोटी नाही, ती चुकीच्या जागी आहे एवढेच. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने बंदीचा कायदा केला. ई-क्रीडा आणि साधे खेळ त्यातून वेगळे ठेवले. रेघ योग्य ठिकाणी ओढली. पण रेघेच्या अलीकडेही डोळे उघडे हवेत. काही फुटबॉलच्या खेळांत पैसे देऊन बंद पाकीट घ्यायचे, आत कोणता खेळाडू निघेल ते नशीब. लहानपणी किराणा दुकानात सोरट असायचे, हा त्याचाच नातू. अशा पाकिटांना बेल्जियमने २०१८मध्ये जुगार ठरवले. त्या देशाला कळले ते आपल्या दिवाणखान्यात कळायला हरकत नाही.

हे कळण्यासाठी मोठी विद्या लागत नाही. मुलाच्या शेजारी बसावे लागते. सुरुवातीला बोटे चुकतील, माझी पत्नी पहिले दोन दिवस फक्त जमिनीकडेच पाहत चालत होती. मुले हसतील. हसू द्यावे. चूक कोणाची दाखवायची ही संधी त्यांना घरात फार वेळा मिळत नाही. धबधब्याच्या टप्प्यावर आता मीच खाली राहतो आणि मुलगी वरच्या दगडावर उभी राहून ओरडते, ‘बाबा, या हो लवकर, मी थांबलेय!’