नाताळच्या ताटात शिळा पाव
ठाण्यात खोपटपासून जवळच, तलावपाळीला सेंट जॉन चर्च आहे. इथल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत नाताळला फुगे (तळलेले पावाचे गोळे) आणि इंद्याल (मसालेदार मांसाचा रस्सा) हवंच. त्या ताटात अमेरिकेतल्या आमिश या ख्रिस्ती पंथाच्या शेतकऱ्यांचं साधं ब्रेड ड्रेसिंग, म्हणजे मसाला लावून भाजलेले पावाचे तुकडेही शोभतील. पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरला सुगीनंतरच्या लग्नांत त्यांच्याकडे कोंबडी आणि पावाचा असाच ‘रोस्ट’ वाढतात. या ड्रेसिंगसाठी लादीपाव मात्र आदल्या दिवशीचाच घ्यावा, ताज्याचा लगदा होतो. 6 पावांचे तुकडे, लोण्यात परतलेला कांदा आणि सेलरी, 2 फेटलेली अंडी, मीठ, मिरपूड एकत्र करावं. कोंबडी उकडलेलं कोमट पाणी तुकडे ओलसर होण्यापुरतंच घालावं. पाणी ओतताना घाई नडते. मग ओव्हनमध्ये 180 अंश सेल्सिअसवर, वरचा थर खरपूस होईपर्यंत भाजावं.