15 धावांत पाच बळी : विदर्भाने रणजी करंडक नेमका कुठे गमावला?

वानखेडेवर 14 मार्च 2024 रोजी 538 धावांचा पाठलाग करताना विदर्भ 5 बाद 353 वर होता. शतकवीर कर्णधार अक्षय वाडकर तनुष कोटियनच्या चेंडूवर पायचीत झाला आणि डाव 368 वर आटोपला. मुंबईने 42वे विजेतेपद पटकावले.

सामना अनिर्णित राखला असता तर?
तरी करंडक मुंबईचाच. अशा वेळी पहिल्या डावातील आघाडी निर्णायक ठरते आणि मुंबईच्या 224 समोर विदर्भ 105 वर गारद झाला होता.

पुढे काय झाले?
पुढच्याच हंगामात केरळविरुद्धची अंतिम लढत अनिर्णित राहिली. पहिल्या डावातील आघाडीवर विदर्भ विजेता ठरला. निलंग्यातल्या टेनिस बॉल सामन्यांचा निकाल शेवटच्या षटकांत लागतो. पाच दिवसांच्या सामन्यात तो पहिल्या डावातच ठरू शकतो.